तेलाच्या चिंध्या

त्या वर्षी मला एका जागी बसवत नसे. सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात आई, वडील, धाकटी बहीण आणि मी. पुस्तक हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या गॅलरीपर्यंत फेऱ्या मारत वाचायची. आई कणीक मळता मळता म्हणायची, "अगं, पाठ होतंय की नुसतीच चालतेस?" पाठ काहीच होत नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि श्रावणात आमच्या निसर्ग मंडळाची चार दिवसांची सहल चांदोलीच्या जंगलाकडे जायची होती. आम्ही आठ मुली पहिल्यांदाच मुलांबरोबर मुक्कामाला जाणार, म्हणून घरोघरी रणं पेटली होती. माझ्या वडिलांनी पंधरा दिवस तोंड फुगवून शेवटी "जा" म्हटलं होतं, ते अशा सुरात की मी जाऊ नये असं मलाच वाटावं. पण मला तसं काही वाटलं नाही.

अडचण तंबूंची होती. कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत जाड कापडाचे चार जुने तंबू होते आणि आदल्या वर्षी एकाच सरीत त्यांतून अंथरुणावर पाणी आलं होतं. प्राचार्यांनी बजावलं, मुलींना भिजत झोपवायचं असेल तर सहल नाही. सहल नेणारे जोगळेकर सर रसायनशास्त्र शिकवत आणि सुट्टी मिळाली की डोंगरात पळत. त्यांनी वर्गात विचारलं, "तंबूत पाणी येणार नाही असं काही करून देणारं कोणी माहितीत आहे का?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभी राहिले. "माझी आत्या करते, सर!"

रात्रीच्या जेवणात मी हे सांगितलं तेव्हा वडिलांचा घास हातातच राहिला. "सगुणाकडे?" एवढंच म्हणाले. सगुणाआत्या त्यांची थोरली बहीण, मलकापूरला हायवेच्या कडेला राहायची. तिचे यजमान ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. ते अचानक गेले तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की ती माहेरी येईल. तिनं तेरावं झाल्यावर दुसऱ्याच सकाळी दुकान उघडलं. बाईमाणसानं ड्रायव्हर लोकांत बसायचं म्हणजे काय, असं काहीतरी वडील तेव्हा बोलून गेले होते. तेव्हापासून राखी पोस्टानं येई आणि तिचं नाव आमच्या घरात हळू आवाजात घेतलं जाई. मला तिचा चेहराही नीट आठवत नव्हता. तरी दोन दिवसांनी मी चार तंबूंची वळकटी एसटीच्या टपावर टाकून कऱ्हाडला उतरले, आणि तिथून टेम्पोनं मलकापूरला.

आत्याचं घर म्हणजे पुढं पत्र्याचं लांबलचक शेड, मागं दोन खोल्या आणि त्यामागं कडुलिंबाचं झाड. शेडमध्ये लाकडी टेबलावर बसवलेलं जाडजूड शिलाई मशीन होतं. ते चालू झालं की जमीन थरथरायची, आणि बाहेरून उसाचा नाही तर सिमेंटचा ट्रक गेला की वरचे पत्रे. ह्या दोन आवाजांच्या मधून बोलायचं म्हणून तिथं सगळे ओरडूनच बोलत, साधं "चहा घे" सुद्धा. पहिल्या दिवशी मला वाटलं आत्या रागावली आहे. ती उंच, हाडापेरानं दणकट, कपाळ मोकळं, आणि पदर कमरेला असा खोचलेला की तो कधी सुटेल असं वाटूच नये. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बापावर गेलीयास. भूक लागलीय का?" सकाळी ती हुलग्याचं माडगं करायची, वर तुपाची धार सोडून. दुपारी भाकरी, शेंगदाण्याची ओली चटणी आणि कांदा, मशीनशेजारी पोतं अंथरून. आमच्या घरी जेवताना बोलायचं नसे. इथं जेवतानाच तेवढं मशीन बंद असायचं, त्यामुळे सगळं बोलणं जेवतानाच व्हायचं.

तिसरं माणूस म्हणजे हिंदूरावतात्या. शिराळ्याजवळच्या खेड्यातले, फौजेत तंबू दुरुस्त करायच्या कामावर सगळी नोकरी केलेले, आणि आता बरीच वर्षं आत्याकडे. अंगानं वाळकुडे, मिशी पांढरी, खाकी शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, खिशात बिडीचं बंडल. माझे तंबू त्यांनी जमिनीवर पसरले, गुडघ्यावर बसून शिवणीवरून बोट फिरवत गेले, आणि आनंदानं म्हणाले, "आक्का, ह्यो मिलट्रीचाच माल हाय. जुना. आता आसं कापड मिळत न्हाई." मग माझ्याकडे वळून, "किती दिस हायत?"

"नऊ."

"ऊन पडलं तर हुईल. न्हाई तर देव हाय."

त्यांची रीत ठरलेली होती. आधी साबण न लावता तंबू धुवायचे, वाळवायचे. मग मेण चोळलेल्या दोऱ्यानं प्रत्येक शिवण दाभणानं पुन्हा मारायची. मग जवसाचं उकळलेलं तेल आणि मेण एका डब्यात घालून, तो डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून पातळ करायचं, आणि चिंध्यांच्या बोळ्यानं कापडात जिरवायचं. अगदी पातळ हात. तो वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. "जाड थापलंस तर वरनं साय धरतंय आन् आत कच्चं ऱ्हातंय," ते सांगायचे. आणि काम झालं की तेलाच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवायच्या, मग बाहेरच्या तारेवर एकेक सुटी करून टाकायच्या. हे ते रोज सांगत. मी एकदा विचारलं, "टाकायच्याच आहेत ना नंतर? मग एवढं कशाला?"

"कशाला म्हंजे? आर्डर हाय."

"कुणाची?"

"आमच्या सुभेदारसायबाची. फौजेत कशाला आसं इचारत न्हाईत पोरी."

मला हसू आलं. आत्याही हसली. त्यांना खरंच कारण माहीत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी, परवाच माझी भाची तिचा तंबू घेऊन आमच्या गॅलरीत आली होती. बाटलीतून फवारा मारला, मोबाइलवर बोलत बोलत अर्धा तास वाट पाहिली आणि घडी घालून गेली. तो अर्धा तासही तिला जड जात होता, हे मी बघत होते. मला तर नऊ दिवस काढायचे होते. तेल वाळायचं नावच घेत नव्हतं. आभाळ कधी दाटायचं, कधी फाटायचं. ऊन आलं की आम्ही तिघं धावत चारही तंबू बाहेर काढायचो, शिंतोडे आले की धावत आत. शेडमध्ये आडव्या बांबूंवर ते लोंबत असत आणि मी तासातासाला जाऊन बोट लावून बघायची. चिकट. पुन्हा चिकट. माझ्या बोटांचे ठसे त्यांच्यावर ओळीनं उमटले होते. "बोट लावून वाळत आसतं तर मी सोता ईसच्या ईस बोटं लावली आसती," तात्या म्हणायचे. पण मला शेडमध्येही राहवत नसे आणि बाहेरही. हायवेच्या कडेला जाऊन गाड्या बघत उभी राहायची, परत यायची. आत्याच्या नजरेतून ते सुटत नसणार. एकदा चटणी वाटता वाटता ती म्हणाली, "माझंबी तुझ्या वयात आसंच हुतं. मग लगीन झालं."

आठव्या दिवशी सकाळी शेजारच्या टेलिफोन बूथवर सरांचा निरोप आला. बस एक दिवस आधी सुटणार, तंबू उद्याच सांगलीला पोचले पाहिजेत. मी वारं प्यायल्यासारखी झाले. शेवटच्या तंबूचा तिसरा हात राहिला होता. तात्या ट्रकच्या एका तातडीच्या कामात होते, म्हणून मी एकटीनंच तो उरकला, तोही त्यांनी सांगितला होता त्यापेक्षा जाड. अंगावरचा पंजाबी ड्रेस तेलानं माखला होता. तोच उद्या घालायचा, म्हणून साबणाच्या पाण्यात भिजवायला मी बादली उचलली. आता चिंध्या कुठं बुडवणार? बाहेर तारेवर आदल्या दिवशीच्याही होत्या आणि बारीक पाऊस सुरू झाला होता. मी सगळ्या गोळा केल्या, आजच्या, कालच्या, एका रिकाम्या पोत्यात दाबून कोंबल्या आणि पोतं मशीनच्या मागं, गिऱ्हाइकांच्या घडी केलेल्या ताडपत्र्यांशेजारी लोटून दिलं. परत आल्यावर बघू, असं मी मनाशी म्हटलं. मग जेवून आत्या आणि मी कऱ्हाडच्या बाजारात गेलो, कारण तिला मला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन द्यायचे होते. "जळवांचं रान हाय त्ये," ती म्हणत होती. दुकानात तिनं स्वतः खाली बसून माझ्या पायात बूट चढवून पाहिले. माझ्यासाठी कुणी असं खाली बसल्याचं मला आठवत नव्हतं.

पाचच्या सुमाराला परतलो तर शेडसमोर माणसं होती आणि पत्र्याखालून काळा धूर येत होता. आग तोवर विझली होती. समोरच्या हॉटेलवाल्यांनी पाणी आणि वाळू मारली होती. मशीनचं टेबल अर्धं कोळसा झालं होतं. ताडपत्र्यांचा ढीग जळून गेला होता. आणि बाहेर, चिखलात, माझे चारही तंबू पडले होते. एकाचा कोपरा तेवढा करपला होता. तात्या ओट्यावर बसले होते, दोन्ही हात पुढं धरून, तळवे वर करून. तेलाचं पेटलेलं कापड ओढताना तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. जेवण करून ते मागं कडुलिंबाखाली आडवे झाले होते. धुराच्या वासानं जागे होऊन आत शिरले, आणि सगळ्यांत आधी त्यांनी तंबू काढले होते. हॉटेलवाला सांगत होता, "मी वरडतुय मशीन वढा, मशीन वढा. तर ह्ये म्हंत्यात, पोरीची ट्रिप हाय!"

आत्यानं आधी त्यांना दवाखान्यात नेऊन हातांना मलमपट्टी करून आणली. मग घरी आल्यावर, उभ्यानंच, तिनं विचारलं. "हिंदूराव, बिडी कुठं वढलीसा?"

"झाडाखाली, आक्का. आत न्हाई."

"मग आग काय आभाळातनं पडली?" ती माझ्याकडे वळली. "नंदे, तू आठ दिस हितं हायस. खरं सांग. ह्यास्नी कवा आत वढताना बगितलंस?"

मला पोत्याची आठवण त्या क्षणी झाली का? झाली. मी सांगितलेलं ऐकलं नव्हतं एवढं मला ठाऊक होतं. पण चिंध्या आपोआप पेटतात हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आत्याचा राग कुणावर तरी पडणार आहे आणि उद्या सकाळी मला बस गाठायची आहे. मी म्हणाले, "आत नाही. परवा पाऊस होता ना, तेव्हा दारात ओढत होते."

त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विचारल्यासारखं. मग आत्याला म्हणाले, "व्हय. परवा दारात वढली हुती." खोटं बोलणं त्यांना जमत नसावं. "उद्यापासनं येऊ नगासा," आत्या एवढंच म्हणाली आणि आत गेली. सकाळी ते शिराळ्याच्या गाडीत बसले तेव्हा त्यांची पिशवी हॉटेलवाल्यानं आत ठेवली, कारण त्यांना ती धरता येत नव्हती. तासाभरानं मी सांगलीच्या गाडीत बसले.

तंबूंत पाणी आलं नाही. चांदोलीला चारही दिवस असा पाऊस होता की समोरचं झाड दिसत नव्हतं, आणि आम्ही आत कोरड्या बसलो होतो. मुली माझ्या पाठीवर थापा मारत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या तंबूत पिठलं-भात चालू होता. करपलेला कोपरा बघून जोगळेकर सरांनी विचारलं हे कसं झालं, म्हणून मी आगीची गोष्ट सांगितली. बिडीसकट. सर घास थांबवून ऐकत होते. "तेल जवसाचं होतं?" त्यांनी विचारलं. "आणि चिंध्या कुठं ठेवल्या होत्या?"

"पोत्यात," मी म्हणाले.

"कोंबून?"

मी मान डोलावली. सरांनी वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगितलं. हे तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. चिंधी तारेवर सुटी असेल तर उष्णता निघून जाते. ढीग दाबून ठेवला तर आतल्या आत साठत जाते आणि काही तासांत पेट घेतो. काडी नको, बिडी नको. "चांगला प्रश्न आहे, परीक्षेत विचारता येईल," असं म्हणून ते भात वाढून घ्यायला उठले. पुढचे दोन दिवस माझे कसे गेले ते मला सांगता येत नाही. पावसामुळे बाहेर पडता येत नव्हतं. मी तंबूत गुडघे पोटाशी घेऊन बसायची, उठायची, वाकून दारापर्यंत जायची, परत बसायची. मैत्रिणी म्हणाल्या, "नंदे, तुला झालंय तरी काय?" मला फक्त गाडी कधी निघते ते हवं होतं.

परतीची बस शिराळ्यावरून जाते. नागपंचमी नुकतीच झाली होती, स्टँडबाहेर मांडवांचे बांबू अजून उभे होते. मी सरांना खरं काय ते सांगितलं आणि तिथं उतरले. विचारत विचारत, चिखलातून, आत्यानं घेऊन दिलेले बूट घालून तात्यांचं घर गाठलं. त्यांची बायको, सोनाकाकी, त्यांना बशीनं चहा पाजत होती. दोन्ही हातांना पांढरे बोळे बांधलेले. मी उंबऱ्यात उभी राहूनच सगळं सांगून टाकलं, सरांनी सांगितलेलं सगळं, आणि पोत्याचं.

तात्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "म्हंजे त्येच्यासाठी व्हय!" ते बायकोला म्हणाले. "बगितलंस? सुभेदारसायेब म्हंजे मानूस हुता! त्या बादलीचं कारन ह्ये हाय!"

"तुमी हसा," सोनाकाकी म्हणाली. बशी खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "पोरी, सगुणाबाईला सांगितलंस का ह्ये?"

"नाही. आधी इकडेच आले."

"का? ह्यो मानूस काय बोलनार न्हाई म्हनून?"

तेच खरं होतं.

"गावभर झालंय, हिंदूरावानं बिडीनं मालकिनीचं दुकान जाळलं म्हनून. ह्या घरात सांगून काय उपेग हाय? जिथं सांगायचं तिथं सांग. जा." तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. आज मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा मी रडत स्टँडवर आले, आणि समोर सांगलीची गाडी लागलेली असताना कऱ्हाडच्या गाडीत बसले.

आत्या जळक्या टेबलाला नवी फळी ठोकत होती. मी सांगत असताना तिनं हातोडी खाली ठेवली नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "पोत्याचं तुला म्हाईत न्हवतं. पोरकटपना, जाऊ दे. पर त्या दिवशी मी इचारलं तवा दारातली बिडी काडलीस. ती का काडलीस?"

"मला बस चुकेल असं वाटलं."

तिनं मला एक थोबाडीत मारली. मग हातोडी ठेवली, पायात चप्पल घातली, आणि मला घेऊन आल्या वाटेनं परत शिराळ्याला निघाली. तात्यांच्या गावात पारावर माणसं बसली होती. आत्या तिथं थांबली आणि हायवेवर बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "हिंदूरावांची कसली चूक न्हवती. आग माझ्या भाचीच्या हातनं लागली. आन् ह्यांचं खरं म्या ऐकलं न्हाई, ही चूक माझी." माझ्या वडिलांनी तिला कुणापुढं मान खाली घालताना आयुष्यात पाहिलं नसेल. मी पाहिलं. तात्या पारासमोरच्या आपल्या दारातून, हात पुढं धरून, "आवं आक्का, आवं आक्का" करत राहिले. सोनाकाकीनं मात्र ह्या वेळी चहा टाकला.

परतताना एसटीत आत्यानं माझी शिक्षा सांगितली. ज्यांच्या ताडपत्र्या जळल्या ते सगळे ड्रायव्हर तात्यांच्या नावानं बोटं मोडत होते. तिनं त्यांना नव्या शिवून द्यायचं कबूल केलं होतं. दर रविवारी मी यायचं, दुकानावर बसायचं, आणि माल न्यायला येईल त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं. वडिलांनाही मीच सांगायचं. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सगुणानं मारलं ना? बरं केलं." पुढच्या रविवारी मला सोडायला ते स्वतः आले आणि आत्याच्या दुकानात पहिल्यांदा जेवले.

मी सांगत गेले. "आग माझ्यामुळं लागली, तात्यांच्या बिडीनं नाही." पहिल्या वेळी मी नुसतीच पुटपुटले आणि आत्यानं मशीनवरून ओरडून सांगितलं, "मोठ्यानं!" कुणी शिव्या हासडल्या, कुणी हसून विषय सोडला. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "सांगितलंस, लय झालं," आणि त्या शब्दांनी मला शिव्यांपेक्षा जास्त रडू आलं. दिवाळीनंतर तात्या परत आले. तळव्यांची कातडी आवळून उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, दाभण धरता येत नव्हतं. ते खुर्चीवर बसत आणि आत्या त्यांच्या डोळ्यांदेखत शिवत असे.

अशाच एका रविवारी कर्नाटकातला एक ट्रकवाला आत आला, खांद्यावर फाटकी ताडपत्री. मी उठून उभी राहिले आणि सवयीनं सुरू केलं, "काका, आग लागली ती माझ्यामुळं, तात्यांच्या—"

"आगं बास!" मागून तात्या ओरडले. "त्यो नवा गिऱ्हाईक हाय. त्येचं काय बी जळलेलं न्हाई."

तो बिचारा घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा छपराकडे बघायला लागला. आत्यानं मशीनवरचा पाय काढला आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला बोलता येईना. शेवटी ट्रकवाल्यानंच विचारलं, "आग राहू दे. माझी ताडपत्री शिवणार कोण?"

तात्यांनी आपली वाकडी बोटं वर केली. "सांगनार मी," ते म्हणाले. "शिवनार आक्का. आन् ही पोरगी शिवन धरनार. पसर हितं."